दत्तक लोखंड

२०२३ च्या जानेवारी महिन्यात वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे जे भव्य प्रदर्शन भरले होते, त्यात संस्थानिकांच्या मोटारखान्यांतून आलेल्या अवाढव्य गाड्यांचे कौतुक यथास्थित झाले. परंतु अशा गाड्यांविषयी जो प्रश्न विचारी माणसाला पडावयास हवा, तो त्यांच्या ऐश्वर्याच्या झगमगाटात नीट दिसत नाही, आणि म्हणून तो विचारण्यासाठी मी एका सर्वसामान्य गाडीकडे वळतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या एका गृहस्थांच्या हाती पहिल्या मारुती ८०० गाडीची किल्ली दिली. त्या गृहस्थांनी ती गाडी अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेविली. त्यांच्या पश्चात ती उघड्यावर राहून गंजली, आणि पुढे कंपनीनेच तिचा जीर्णोद्धार करून तिला आपल्या मुख्य कचेरीत मानाची जागा दिली. आता प्रश्न असा की, जिचे कुजलेले अवयव काढून नवे बसविले, जिचा रंग खरवडून दुसरा दिला, ती ही गाडी इंदिराबाईंच्या हातून मिळालेली तीच गाडी आहे काय? आणि ‘तीच’ असेल, तर ते तेच-पण कोठे राहते?

हा प्रश्न केवळ वादविनोदाचा नाही, हे ज्याने असा जीर्णोद्धार जवळून पाहिला आहे त्यास सांगावयास नको. आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील परिचयाच्या एका गृहस्थांनी आपल्या वडिलांची जुन्या बांध्याची मारुती मकरपुऱ्याकडील एका कारखान्यात दिली, तेव्हा तेथील कारागिराने प्रथम पायाखालची रबरी चटई उचलून दाखविली: खालचा पत्रा गंजाने इतका खाल्लेला होता की त्यातून जमीन दिसत होती. तो पत्रा कापला, नवा वेल्डिंगने जोडला. दरवाज्यांचे खालचे काठ बदलले. लांबी भरून, पॉलिश-पेपरने घासून, प्रायमरचे हात देऊन मग रंग चढविला. काचांच्या रबरी पट्ट्या, ब्रेकचे नळ, कार्ब्युरेटरचे आतले सगळे सुटे भाग, क्लचप्लेट, बैठकींचे कापड, अशी एकेक वस्तू नवी किंवा दुसऱ्या एखाद्या भंगारात गेलेल्या मारुतीची काढून बसविली. हे सारे झाल्यावर, ज्यातील निम्म्याहून अधिक लोखंड वडिलांनी कधी पाहिलेही नव्हते त्या गाडीवर हात ठेवून चिरंजीव म्हणाले, ‘ही दादांची गाडी.’ ते असत्य बोलले असे मला क्षणभरही वाटले नाही. परंतु ते सत्य कोणत्या प्रकारचे, हे सांगणे मात्र त्या वेळी मला साधले नाही, आणि प्रस्तुत लेखाचा खटाटोप त्यासाठीच आहे.

प्रथम या गाडीचे मूळ पाहू. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात. यंत्रांच्या बाबतीतही तो इशारा लागू पडतो असे दिसेल. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात तिचा जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला. गुडगावच्या कारखान्यातून जी गाडी बाहेर पडली, ती वस्तुतः सुझुकीने १९७९ साली जपानात आणलेल्या फ्रोंते आणि आल्टो या जुळ्या गाड्यांचेच रूप होते. फरक एवढाच की जपानी कायद्याने लहान गाडीच्या इंजिनाला त्या काळी ५५० घन सेंटिमीटरची मर्यादा घातलेली असल्याने तेथील इंजिन धाकटे होते, आणि परदेशासाठी तीन सिलिंडरांचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन बसविले जाई. तेच आपल्याकडे आले. ही मर्यादा पूर्वी ३६० होती, १९७६ मध्ये ५५० झाली आणि १९९० मध्ये ६६० झाली. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या राष्ट्राने आपल्या अरुंद गल्ल्यांना आणि रिकाम्या खिशांना साजेल अशी जी गाड्यांची जात कायद्याने निर्माण केली, तिचाच हा वंश. त्या वंशातील सुझुकीची पहिली गाडी १९५५ ची सुझुलाइट. पण तीही स्वयंभू नव्हे, कारण तिच्या रचनाकारांनी ब्रेमेनच्या लॉइड नावाच्या जर्मन गाडीचा आदर्श समोर ठेविला होता. आणि खुद्द सुझुकी? १९०९ साली हामामात्सु येथे मिचिओ सुझुकी यांनी जो कारखाना काढला, तो मोटारींचा नव्हे, हातमागांचा आणि यंत्रमागांचा होता. म्हणजे वडोदऱ्याच्या रस्त्यावरून धावणाऱ्या त्या इवल्या गाडीचे मूळ शोधत गेलो, तर जर्मनीला वळसा घालून आपण एका विणकराच्या मागापाशी येऊन पोहोचतो, आणि तेथेही थांबण्यास काही कारण उरत नाही.

विणकराचा माग आणि रथ. भारतीय दर्शनांत अवयव आणि अवयवी यांच्या संबंधाचा जो दीर्घ वाद झाला, त्याचे दोन मुख्य दृष्टांत हेच असावेत, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. रथाचा दृष्टांत मिलिंदप्रश्नातला. यवनराज मिलिंद रथात बसून भिक्षु नागसेनाच्या भेटीस येतो, तेव्हा नागसेन त्यास विचारतो की ज्यातून तू आलास तो रथ कोणता: धुरा हा रथ काय, की आस, की चाके, की जू? यांपैकी एकेक रथ नव्हे, यांचा ढीगही रथ नव्हे, आणि यांहून निराळाही रथ कोठे सापडत नाही. तेव्हा ‘रथ’ ही केवळ व्यवहारासाठी योजिलेली संज्ञा होय, आणि माणसाचे नावही तसेच. हा मिलिंद आपल्यापासून फार दूरचा नव्हे. तो वायव्येकडील राजा. पण त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी एका अज्ञात ग्रीक नाविकाने पश्चिम समुद्राचे जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात भडोचच्या बाजारात मिनांदराची, म्हणजे याच मिलिंदाची, जुनी नाणी अद्याप चालतात अशी नोंद आहे, आणि भडोच तर वडोदऱ्याहून आगगाडीने दीड तासाच्याही आत येते. राजा गेला, राज्य गेले, तरी त्याच्या मुद्रेचे नाणे परक्या मुलखात पत टिकवून होते. नागसेनाच्या सिद्धांताला त्याच्याच यजमानाच्या नाण्यांनी दिलेले हे उत्तर आहे की पुष्टी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वस्त्राचा दृष्टांत नैयायिकांचा आणि वैशेषिकांचा. त्यांचे म्हणणे असे की तंतूंपासून पट निर्माण होतो तेव्हा तो तंतूंचा नुसता समूह नसतो. तो एक नवा, स्वतंत्र अवयवी असतो आणि समवायसंबंधाने तंतूंत राहतो. हे ऐकताना समाधान वाटते. वाटते की आता आपली मोटारही पत्र्यांच्या आणि खिळ्यांच्या पलीकडे काही आहे. परंतु न्यायाची शिस्त इतकी निष्ठुर, की याच मताचा पुढला निष्कर्ष त्यांनी टाळला नाही: एक तंतू निघाला की तो पट नष्ट झाला, आणि जो उरला तो नवा खंडपट. तेव्हा मकरपुऱ्याच्या कारागिराने पहिला पत्रा कापला त्याच क्षणी दादांची गाडी संपली, असे या आस्तिक मतानेही म्हणावे लागते. मग ‘तीच ही’ ही ओळख, जिला शास्त्रकार प्रत्यभिज्ञा म्हणतात, तिचे काय? बौद्धांचे उत्तर तयार आहे. कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढतात तेव्हा आपण ‘तेच केस’ म्हणतोच. तेथे ऐक्य नसते, सादृश्य असते, आणि सादृश्याला आपण ऐक्य समजतो.

हा बौद्ध पक्ष ज्या ग्रंथात सर्वांत निर्धाराने मांडला गेला, तो शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह, त्याचा शिष्य कमलशील याच्या पंजिकेसह, आमच्याच वडोदऱ्यातून १९२६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत एंबार कृष्णमाचार्य यांनी संपादून प्रसिद्ध केला, आणि त्यातील स्थिरभावपरीक्षेत क्षणाक्षणाला सर्व वस्तूंचा निरन्वय नाश होतो हे आठव्या शतकातील या आचार्याने ज्या चिकाटीने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आहे, ती पाहून विरोधकालाही आदर वाटावा. पण त्या ग्रंथाच्या युक्तिवादापेक्षा त्याचा प्रवास मला अधिक बोलका वाटतो. बौद्धधर्म या भूमीतून लुप्त झाला, नालंदा जळाली, आणि या ग्रंथाचे संस्कृत मूळ जपले ते जैन भांडारांनी. ज्या जैनांच्या स्याद्वादाचे खंडन करण्यासाठी शांतरक्षिताने एक स्वतंत्र परीक्षा खर्ची घातली आहे, ज्यांना द्रव्य टिकते आणि पर्याय बदलतात असे वाटते, त्यांनीच काहीही टिकत नाही असे सांगणारे पुस्तक ताडपत्रांवर शतकानुशतके टिकविले. प्रतिपक्षाचा ग्रंथ जपणे हे त्यांनी कर्तव्य मानले म्हणून तो राहिला. तो स्वतःच्या बळावर राहिला नाही. वस्तूचे सातत्य वस्तूच्या आत शोधण्यात आपण सर्वच, नैयायिक आणि बौद्ध दोघेही, चुकत तर नाही ना, ही शंका मला प्रथम येथे आली.

गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत जीर्णोद्धाराच्या प्रसंगी सहज आठवतो, पण तो येथे उपयोगी पडत नाही. किंबहुना येथे सर्व उलटे आहे. तेथे देही नित्य आहे आणि तो जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो. मोटारीत असा कोणी देही नाही, आणि जो आहे तो तिच्या बाहेर उभा आहे: तिला चालविणारा, पुसणारा, तिच्यासाठी भंगारबाजार धुंडाळणारा. मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र याबाबत अधिक सूक्ष्म आहे. मूर्ती किंवा गर्भगृह दुरुस्त करावयाचे असेल तेव्हा देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक कलशातील जलात आणून बालालयात ठेवितात, काम पुरे झाले म्हणजे पुन्हा स्थापितात; दरम्यानच्या काळात पूजा एक दिवसही खंडित होऊ देत नाहीत. दगड बदलला तरी चालतो; उपचारांत खंड पडलेला चालत नाही. हीच गोष्ट जपानी लोकांनी आपल्या परीने पराकाष्ठेला नेली आहे. इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर नव्या लाकडाने संपूर्ण बांधितात. २०१३ साली हे बासष्टाव्यांदा झाले, आणि मध्ययुगीन यादवीत शतकाहून अधिक काळ हा क्रम तुटला होता तरी तो पुन्हा सांधून घेतला. ज्या लोकांनी आपली गाडी आपल्याला दिली, त्यांच्या सर्वांत पूज्य वास्तूत जुने लाकूड औषधालाही सापडावयाचे नाही, आणि तरीही ती वास्तू प्राचीन आहे याविषयी त्यांच्यात कोणाला संशय नाही.

आपल्याकडे मात्र एक पेच असा आहे की त्याने हा विषय अधिक बिकट होतो. २०२२ च्या नवरात्रापूर्वी वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा जाड थर काढण्यात आला आणि त्याखालील अष्टादशभुजा मूर्तीचे कोरीव रूप भाविकांना दिसले. कित्येक पिढ्यांनी जे मुख देवीचे म्हणून पाहिले, ज्याच्यापुढे नवस केले, ते मुख शेंदराचे होते. शिल्पकाराने घडविलेले मुख त्याखाली झाकलेले होते. यांत खरे मूळ रूप कोणते? केवळ प्राचीनता प्रमाण मानिली तर शेंदूर ही भेसळ ठरते. पण तो शेंदूर म्हणजे शेकडो वर्षांच्या पूजेचा प्रत्यक्ष साठा होता, एकेका भक्ताच्या बोटाने चढविलेला, आणि त्याला भेसळ म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. जीर्णोद्धारकाची खरी परीक्षा येथे असते. कारखान्यातून निघाली तशी गाडी परत आणावयाची, की दादांनी वापरली तशी? दादांनी १९९० च्या सुमारास बसविलेली, कारखान्याची नसलेली ती वाऱ्याची जाळी काढून टाकावी काय? आमच्या परिचिताने ती ठेविली, आणि परीक्षक असतो तर या एका गोष्टीसाठी मी त्याला अधिक गुण दिले असते.

आता मला जे म्हणावयाचे आहे त्याकडे येतो. वस्तूचे ऐक्य हे तिच्या द्रव्यात सापडणारे तथ्य नव्हे, आणि नागसेनाला वाटते तशी नुसती सोयीची संज्ञाही नव्हे. ते कोणीतरी जाणून-बुजून पत्करलेले दायित्व असते. आपल्या धर्मशास्त्रात याचे एक पूर्ण विकसित प्रतिरूप आहे, आणि ते म्हणजे दत्तकविधान. दत्तक पुत्राच्या देहात त्या घराण्याचे रक्त असेलच असे नाही. परंतु ज्या क्षणी जनक पिता दान करितो आणि ग्राहक पिता ग्रहण करितो, त्या क्षणापासून तो त्या घराण्याचा होतो, कारण त्या घराण्याची श्राद्धे, ऋणे, देवदेवस्की आणि अब्रू त्याच्याकडे येते. वंश अखंड राहतो तो रक्तामुळे नव्हे, तर ऋण फेडण्याची जबाबदारी घेणारा कोणी उभा राहिला म्हणून. गुजरातेत ज्या नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला या बाबतीत प्रमाण मानीत आले, त्याचे पान न् पान हेच सांगते असे मी म्हणणार नाही. पण त्या संस्थेचा आत्मा हा आहे.

वडोदऱ्यात राहणाऱ्याला तर यासाठी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांस इंग्रजांनी पदच्युत केले, आणि त्यांच्या आधी गादीवर असलेल्या खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच तिसरा सयाजीराव. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, १८९० चे कलाभवन (जेथे रंगकाम आणि विणकाम शास्त्रशुद्ध शिकविले जाई), आणि वर ज्या ग्रंथमालेचा उल्लेख केला तीसुद्धा, हे सारे त्या कवळाण्याच्या मुलाचे कर्तृत्व; आणि ही गादी दमाजीची आणि पिलाजीचीच गादी नव्हे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. याच्या उलट जो सिद्धांत लॉर्ड डलहौसीने चालविला, औरस वारस नाही तेव्हा राज्य खालसा, तो तत्त्वतः पाहता मूळ सुट्या भागांचाच आग्रह होता. १८४८ मध्ये सातारा त्याने याच न्यायाने घेतला, आणि पुढे झाशी व नागपूर. रक्ताच्या शुद्धतेची ही काळजी अर्थातच मुलूख गिळण्यासाठी होती. परंतु ज्या मराठी माणसाला साताऱ्याची गादी बुडाल्याचे शल्य आहे, त्याने लोखंडाच्या बाबतीतही केवळ मूळ द्रव्याला ऐक्य मानण्यापूर्वी थोडे थांबावे असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मारुती ही गाडीच मुळात दत्तक आहे: हामामात्सुत जन्मलेली, गुडगावात दिलेली-घेतलेली, आणि एकदा घेतल्यावर या देशाच्या खड्ड्यांची, लग्नाच्या वरातींची आणि मध्यमवर्गाच्या पहिल्या स्वप्नाची जबाबदारी तीस वर्षे, म्हणजे २०१४ पर्यंत, तिने निमूटपणे वाहिली.

मात्र दत्तकविधानाची एक अट अशी आहे की ती गळली तर सारा विधीच फसवणूक ठरतो, आणि ती म्हणजे प्रकटपणा. दान आणि ग्रहण हे भाऊबंदांच्या समक्ष, अग्निसाक्षीने होते, दस्तऐवजात नमूद होते. परक्याचे मूल रातोरात आणून ते औरस म्हणून दाखविणे म्हणजे दत्तक नव्हे. तद्वत् दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून ते मूळचेच असे भासविणारा जीर्णोद्धारक हा वस्तूचा शत्रू होय, मग त्याचे काम कितीही सफाईदार असो. दप्तरी नोंदीची आपली पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे: आर. सी. बुकात चासीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर हे दोन्ही असतात, आणि इंजिन बदलले तर तशी नोंद करून घ्यावी लागते. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत जे नियम केले, त्यांत मात्र माझ्या मते थोडी डलहौसीची छाया आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी वारसा म्हणून नोंदविता येते, तिच्या क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात, पण तिची चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. फसवणूक टाळण्याचा हेतू योग्यच. परंतु फेरबदल झाला की नाही यापेक्षा तो उघड मांडला की नाही, हे विचारणे अधिक न्याय्य झाले असते. पहिल्या मारुतीला पन्नास वर्षे २०३३ च्या डिसेंबरात पुरी होतील, आणि योगायोगाने इसेचे पुढील नवनिर्माणही त्याच वर्षी आहे. तोवर या नियमांचा फेरविचार व्हावा अशी माझी इच्छा आहे.

एक अडचण राहिली. समजा, त्या पहिल्या मारुतीचेच सर्व भाग वर्षानुवर्षांत एकेक करून बदलले, आणि काढलेले जुने भाग कोणा चिकाटीच्या माणसाने साठवून त्यांची दुसरी गाडी उभी केली. दोन्ही गाड्या हुजुरांपुढे उभ्या आहेत आणि दोघांचाही दावा एकाच नावावर आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांत हॉब्जने हा प्रश्न जहाजाविषयी घातला, आणि त्याचे निर्विवाद उत्तर त्यानंतर कोणी दिले आहे असे मला वाटत नाही. दत्तकाच्या न्यायाने मात्र निकाल देता येतो. जिच्यात भाग एकेक करून आले आणि प्रत्येक भाग आला तो चालत्या गाडीचे काम अंगावर घेण्यासाठी आला, तिच्याकडे कर, विमा, अपघाताची नुकसानभरपाई आणि माणसांची वर्दळ ही सर्व ऋणे अखंड राहिली. नाव तिचे, आर. सी. बुक तिचे. जुन्या भागांची गाडी ही साक्षीदार आहे. तिने पाहिलेले तिच्या लोखंडात आहे, १९८३ चा पत्रा कसा दाबीत आणि जोड कसा देत हे सांगण्याचा अधिकार तिचाच, आणि संशोधकाने जावे ते तिच्याकडे. तिला संग्रहालयात जागा द्यावी, खाली खरा मजकूर लिहावा, आणि रस्त्यावरचा नंबर दुसरीकडे राहू द्यावा.

या निकालावर अपील होऊ शकते हे मी जाणतो. जुन्या भागांच्या मालकाचे म्हणणे असेल की माझ्या लोखंडाला इंदिराबाईंचा हात लागला आहे, आणि त्या स्पर्शाचे मोल कोणत्याही कर्तव्याने भरून निघत नाही. हा दावा मी खोटा म्हणत नाही. पादुकांची, अस्थींची आणि शेंदराची पूजा करणाऱ्या समाजाने स्पर्श निरर्थक म्हणणे स्वतःशीच प्रतारणा होईल. मी एवढेच म्हणतो की स्पर्शाने पावित्र्य मिळते, वारसा मिळत नाही. आणि भरताने पादुका सिंहासनावर ठेविल्या तरी चौदा वर्षे राज्याचा कारभार त्याने स्वतःच केला.